हजेरीतून गळलेली पोरं

पुण्यात कुठल्याही वस्तीच्या तोंडाशी वाढदिवसाचा एखादा फ्लेक्स लटकलेला असतोच. वर मोठ्या आकारात कुणीतरी 'भाऊ', गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर गॉगल. खाली शुभेच्छुकांच्या ओळी. त्या खालच्या ओळींकडे आपण बघत नाही. एकदा थांबून बघा. पासपोर्टएवढे पंधरा-वीस फोटो, आणि त्यातल्या निम्म्या चेहऱ्यांना अजून मिसरूडही फुटलेलं नसतं. कुणाच्या अंगात शाळेचाच पांढरा शर्ट, वरची दोन बटणं उघडी. कुणी केसांना तांबडा रंग दिलेला. प्रत्येकाच्या नावामागे 'भाई' नाहीतर 'शेठ'. यातल्या कितीतरी मुलांचं नाव याआधी कुठेच छापून आलेलं नसतं. शाळेच्या गुणवत्ता फलकावर नसतं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत नसतं. ते पहिल्यांदा छापलं जातं ते चौकातल्या या फ्लेक्सवर.

पोरं टोळीत का जातात, हा प्रश्न दर आठ-पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रातली 'कोयता गँग'ची बातमी वाचून आपण एकमेकांना विचारतो आणि 'गरिबी', 'संगत', 'मोबाइल' असं म्हणून चहा संपवतो. ही कारणं खोटी नाहीत. पण दहा बाय दहाच्या एकाच खोलीत दोन भाऊ वाढतात, एक पहाटे उठून पेपरची लाइन टाकतो आणि दुसरा मोक्क्यात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, आत असतो. गरिबी तर दोघांनीही तेवढीच सोसलेली असते.

मुंबईच्या गिरणगावानं हे आधीच पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींत पगार येणं थांबलं. त्याच वर्षांत दगडी चाळीच्या आसपास अरुण गवळी, रमा नाईक, बाबू रेशीम यांची टोळी फोफावली. बाबू रेशीम १९८७ मध्ये पोलीस कोठडीतच मारला गेला, रमा नाईक १९८८ मध्ये पोलिसांच्या गोळीनं गेला, आणि गवळीला नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनाबद्दल २०१२ मध्ये जन्मठेप झाली. पण याच चाळींतल्या हजारो घरांनी भाजीच्या पाट्या लावल्या, बायकांनी डबे आणि खानावळी चालवल्या, कामगारांनी उतारवयात वॉचमनचे गणवेश घातले. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात एकाच घरातला एक मुलगा लिहिण्याच्या वाटेला लागतो आणि दुसरा टोळीच्या. संप एकच, चूल एकच. म्हणून मला वाटतं, टोळीत गेलेल्या मुलाकडे काय नव्हतं याइतकंच, तो तिकडे वळला त्या वर्षांत त्याच्याजवळ कोण होतं, हे विचारायला हवं.

ती वर्षं कुठली, हे आपल्याला नेमकं सांगता येतं. शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण दिलं. चौदावं सरलं, आठवी झाली, की कायद्यानं धरलेला हात सुटतो. वरच्या वर्गात ढकलत आणलेल्या मुलासमोर नववीत बीजगणित येतं तेव्हा त्याला मराठीचा धडासुद्धा सलग वाचता येत नसतो. मग तो शेवटच्या बाकावर जातो, तिथून व्हरांड्यात, तिथून चौकात. चांगल्या ठिकाणी कामाला घ्यायचं तर वय भरत नाही. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते. बाप बिगारी कामावर, आई चार घरची धुणीभांडी उरकून रात्री आठला घरी. दिवसभर त्या मुलाचं नाव घेऊन हाक मारणारं कुणी नसतं. हजेरीपटावर त्याच्यापुढे लाल शाईत गैरहजेरी लागत राहते आणि काही महिन्यांनी नावच कमी होतं.

आणि चौकात कुणीतरी त्याला विचारतं, 'काय रे, जेवलास का?'

टोळीची भरती अशी होते. आधी वडापाव, मग पेट्रोलचे पैसे, मग एक दिवस गाडी फिरवायला. बदल्यात काही मागितलं जात नाही. पोरगं आपणहून कट्ट्यावर येऊन बसू लागतं. महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी सांगतं, 'पलीकडच्या गल्लीतल्या त्यानं खुन्नस दिली, जरा समज देऊन ये.' आणि रात्री दोन वाजता दहा-बारा पोरं रस्त्याकडेच्या गाड्यांच्या काचा फोडत सुटतात. त्या काचा कुणाच्या असतात? रिक्षावाल्याच्या, शाळेची व्हॅन चालवणाऱ्याच्या, हप्त्यावर टेम्पो घेतलेल्या शेजाऱ्याच्या. ज्या वस्तीनं याला लहानाचं मोठं होताना पाहिलं, तिच्यातच 'वर्चस्व' दाखवायला तो निघालेला असतो. सकाळी तो व्हिडिओ प्रत्येक मोबाइलवर असतो आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा जाणवतं की लोक आपल्याला ओळखतात.

कोयता तर किती सोपा. ऊसतोडीचं, नारळवाल्याचं हे हत्यार. लोहाराकडे, हार्डवेअरच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं, परवाना लागत नाही, शर्टाच्या आत पाठीशी मावतं. पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाची नोंद ठेवायला सांगितलं, ते ठीकच. पण पंधरा वर्षांच्या मुलानं कोयता हातात घ्यावा असं त्याला कुणी शिकवलं, हे त्या नोंदवहीत सापडणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यातला टोळीप्रमुख गजा मारणे तळोजा तुरुंगातून सुटला तेव्हा शेकडो गाड्यांच्या ताफ्यानं त्याला द्रुतगती मार्गावरून पुण्याला आणलं. नंतर गुन्हे दाखल झाले, पण ते मुलांनी पाहिले नाहीत. त्यांनी पाहिल्या त्या गाड्या. त्या गाड्यांत आणि वाढदिवसाच्या मंचांवर प्रतिष्ठित माणसं दिसली की वस्तीतल्या पोराला दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरज राहत नाही.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण ती फार कमी बोलली जाते. मोठी माणसं अल्पवयीन पोरांना मुद्दाम पुढे करतात. अठराच्या आतल्या मुलाचा खटला बाल न्याय मंडळापुढे जातो, हे त्यांना पाठ असतं. 'तुला काय होणार नाय, चार महिन्यांत बाहेर येशील,' असं सांगून पोराच्या हातात कोयता दिला जातो. यावर दरवेळी मागणी येते की वय अठरावरून खाली आणा, मुलांना मोठ्यांसारखी शिक्षा द्या. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याला मोठ्यांप्रमाणे खटल्यासाठी पाठवू शकतं, ही तरतूद २०१५ च्या कायद्यात आहेच. त्याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ तर त्याहून कडक आहे. मुलाला गुन्ह्याच्या कामी लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं कैद, आणि तो गुन्हा घडलाच तर त्यानं स्वतः तो केला असं धरून त्याचीही शिक्षा. पोरांच्या वयावर आपण तावातावानं बोलतो. ही दोन कलमं मात्र आपल्या चर्चेत ऐकू येत नाहीत. माझ्या मते खरा जोर तिथे लावायला हवा.

पुढे काय होतं, हे पाहायचं तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात कामकाजाच्या कुठल्याही दिवशी जावं. कैद्यांची गाडी यायच्या आधीपासून बायका झाडाखाली उभ्या असतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बिस्किटाचे पुडे, धुतलेली एक पँट. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, म्हणून येरवड्याच्या निरीक्षणगृहात नाही, तुरुंगात. हवालदाराच्या परवानगीनं मिळाली तर दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत आई त्याला रागावत नाही. अंगावर काही पुरळ आलंय का, रात्री झोप लागते का, हे विचारते. मग वकिलाच्या मागे धावते. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार हवा, त्याची कागदपत्रं हवीत, आणि वस्तीत कुणी स्वतःच्या नावावर हे ओढवून घ्यायला तयार नसतं. मंगळसूत्र आधीच गहाण पडलेलं असतं. घरात बहिणीला आलेलं स्थळ परत जातं. धाकट्या भावाकडे शाळेत शिक्षक वेगळ्या नजरेनं पाहू लागतात, आणि चौकातली माणसं त्याच्याकडेही त्याच सुमाराला पाहू लागतात. फ्लेक्सवरचा 'भाऊ' तारखेला येत नाही. आला, तर पोरानं तोंड उघडू नये म्हणून येतो.

मोक्का लागला तर आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, जामीन दुर्मीळ, आणि गुन्हा शाबीत झाला तर किमान पाच वर्षं. मोक्का नाही लागला तरी तडीपारी आहे, दोन वर्षांपर्यंत. जिल्ह्याबाहेर काढलेलं पोरगं राहायला कुणाकडे जाणार? बऱ्याचदा टोळीच्याच ओळखीवर. सुटून आल्यावर गोदामात, कंपनीत कामाला जावं तर पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. आणि ज्या मैत्रीसाठी हे सगळं केलं, ती तरी उरते का? ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात टोळीप्रमुख शरद मोहोळवर भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या. ज्याच्यावर मुख्य आरोप आहे तो विशीतला मुलगा, मोहोळच्याच सोबत वावरणारा. टोळीच्या प्रमुखालासुद्धा आपल्या माणसांचा भरवसा नाही, तिथे फ्लेक्सच्या खालच्या ओळीतल्या पोराला कोण विचारतो?

हे थांबवायला पोलीस लागतातच, पण ते फार उशिरा येतात. त्यांची गाठ पडते तेव्हा पोरगं सतरा-अठराचं झालेलं असतं. चौदा ते सतरा या तीन-चार वर्षांत त्याला हाक मारायची आहे, आणि ती मारू शकतील अशी माणसं वस्तीत आजही आहेत. गॅरेजवाला आहे, तालमीतले वस्ताद आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, ढोल पथकाचे प्रमुख आहेत, महापालिकेच्या शाळेतले सर आहेत. गणेशोत्सवात दहा दिवस पोरांना राबवून घेणारी मंडळं आहेत. त्या पोरांचं अकराव्या दिवसानंतर काय होतं, याची जबाबदारी त्यांनी घ्यायला हवी. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी वर्गणी मागायला कुणी आलं, तर दुकानदारांनी एकेकट्यानं नव्हे, सगळ्यांनी मिळून नकार द्यायला हवा.

आणि शिक्षकांना, वस्तीत काम करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या नववीच्या हजेरीपटावर एखाद्या मुलापुढे ओळीनं गैरहजेरी लागत असेल, तर नाव कमी करण्याआधी त्याच्या घरी जा. आई कामावरून परत येते त्या वेळेला जा, म्हणजे भेट होईल. मुलगा चौकात असेल तर तिथे जा. त्याला नावानं हाक मारा, जेवलास का ते विचारा, आणि उद्या शाळेच्या फाटकाशी त्याची वाट पाहत उभे राहा.