पान्हा कोणाचा?

लासलगावचे नाव निघाले की बोलणे कांद्यावर येते, आणि ते स्वाभाविकच आहे; १९४७ साली स्थापन झालेली येथील बाजार समिती आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. परंतु ज्या घरांतून हा कांदा येतो त्यांतील कित्येकांच्या गोठ्यात एखादी गाय वा म्हैस बांधलेली असते, आणि भाव कोसळलेल्या वर्षी दुधाच्या पैशांवरच घर तगते. त्या दुधाविषयीचा एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटते. धारेला बसावे आणि जनावराने दूध वर ओढून धरावे, की आपण म्हणतो, 'गायीने पान्हा चोरला.' चोरला तो कोणाचा?

पान्ह्याची रीत पाहण्याजोगी आहे. वासरू आचळाला लुचते, कासेला ढुशा देते. त्या स्पर्शाची वर्दी मज्जातंतूंवाटे गायीच्या मेंदूपर्यंत पोहोचते. तेथून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते, कासेतील सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि दूध खाली येते. म्हशीचे प्रकरण याहून नाजूक. तिच्या कासेत आधीच खाली उतरून राहिलेले दूध फारच थोडे, म्हणून पान्हा फुटल्याखेरीज भांड्यात काही पडत नाही. आणि भ्यालेले, मार खाल्लेले जनावर पान्हवत नाही. धाकदपटशाने नांगर ओढून घेता येतो, दूध नाही.

इतर माताही आपापले संकेत पाळतात. डुकरीण साधारण तासातासाने पाजते. पाजताना तिच्या हुंकारांची लय वाढत जाते, पिले आपापले आचळ धरतात आणि दूध वाहते ते अवघे वीसेक सेकंद. ससीण दिवसातून एकदाच, तीनचार मिनिटांपुरती पिलांपाशी येते. शेळी व्याल्यावर पहिल्या काही तासांतच करडाचा वास ओळखून ठेवते व परक्या करडाला ढुशी मारून दूर करते. दूध हा दोघांमधला व्यवहार आहे. एकाने मागावे, दुसऱ्याने द्यावे. मागणे थांबले की देणेही आटते.

या दोघांत मनुष्य तिसरा शिरला. त्याने शिरूच नये, असे म्हणण्याइतके आम्ही सोवळे नाही. चहा आम्हीही दुधाचाच पितो. जुना शेतकरी आधी वासरू सोडी, पान्हा फुटला की त्याला आईच्या तोंडापुढे बांधी, ती त्याला चाटत उभी राही, आणि शेवटी एक आचळ वासरासाठी राखी. यात मागणे होते, वाटणी होती. पण वासरू मेले की त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभे करण्याची युक्तीही त्याच जुन्या काळातली. गाय ते चाटते आणि पान्हवते. आमच्या मते सीमा ओलांडली जाते ती येथे, कारण येथे घेतले जाते ते केवळ दूध नव्हे. मातेचा विश्वास फसवून घेतला जातो. वासराऐवजी ऑक्सिटोसिनची सुई टोचणे हा त्याचाच पुढचा टप्पा. पेंढ्याच्या वासरात निदान वासराचा वास तरी होता.

फुंक्याची अघोरी रीत १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविली. गुरांवर गवळ्यांकडून होणाऱ्या छळाचे वर्णन वाचून गांधीजींचे मन दुधावरून उडाले व १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. पुढे १९१८ साली जडलेल्या आजारात कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, ही पळवाट. आणि आपण व्रताचा शब्द राखला, आत्मा नाही, ही कबुली त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. पळवाट आपण सारेच काढतो, कबुली मात्र क्वचित देतो. खरवस आपण कौतुकाने वाटतो; पण वासरू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झुंजणारी द्रव्ये जवळजवळ नसतातच, ती त्याला चिकातूनच आणि तीही पहिल्या दिवसातच मिळावी लागतात. मोशेच्या नियमशास्त्रात पहिलटकर वासराला सात दिवस आईजवळ राहू द्यावे असे सांगितले आहे. तो नियम अर्पणविधीचा खरा, पण त्या सात दिवसांत चीक कोणाच्या पोटी जात असे हे उघड आहे.

हिरकणीची कथा आपण मुलांना सांगतो ती तिच्या धाडसासाठी. ती गवळण होती, गडावर दूध विकावयास गेली होती आणि तिचे स्वतःचे तान्हे खाली भुकेले होते, हा भाग आपण भरभर सांगून टाकतो. तिच्या नावाचे कक्ष आता एस. टी. स्थानकांवर आहेत. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने कामावर परतलेल्या मातेला, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुटी दिली. कांद्याच्या खळ्यावर रोजाने निवडायला बसणाऱ्या बाईच्या हाती यातले काय पडते? तिची गणना हजेरीपटावर नव्हे, भरलेल्या गोण्यांत होते. दुपारी तिचा पदर ओला होतो, बाळ घरी आजीपाशी असते, आणि काही दिवसांत पदर भिजायचाही थांबतो. तिने पान्हा चोरला, असे कोणी म्हणत नाही. अंगावरचे दूध आटले, एवढेच म्हणतात, आणि वाटीत गायीचे दूध पाण्याने पातळ करून बाळाला पाजतात.