स्वप्नांची थकबाकी

गांजा ओढणाऱ्या कोणालाही विचारा, ‘झोप मस्त लागते’ हे तो पहिल्या दोन-तीन वाक्यांतच सांगेल. ते खोटंही नाही. सुरुवातीच्या काळात पडल्या पडल्या डोळा लागतो, मध्ये जाग येत नाही आणि सकाळी काही म्हणजे काही आठवत नाही. या शेवटच्या गोष्टीत काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही, कारण स्वप्न न पडणं हीच आपल्याकडे गाढ झोपेची पावती समजली जाते. मला वाटतं, वर्षानुवर्षं ओढून मग सोडणाऱ्यांपैकी कित्येक जण परत वळतात ते इथेच फसल्यामुळे. दिवस कसाबसा ढकलता येतो. रात्र अंगावर येते.

माझा एक मित्र नाशिकला कारखान्यात पाळीवर आहे. कॉलेजपासून ओढायचा. कामावरून आला की गच्चीवर एक जॉइंट, मग जेवण, मग थेट अंथरूण. सोडला तो खोकल्याला कंटाळून. पहिल्या रात्री पहाटेपर्यंत टक्क जागा, बनियन घामाने चिंब. चार-पाच दिवसांनी झोप लागू लागली, तर स्वप्नं सुरू झाली. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. ते रेशनच्या रांगेत उभे आणि त्याच्याकडे पिशवी मागताहेत. पिशवी त्याच्या हातातच आहे, पण हात पुढे होत नाही. पिशवीवरचं दुकानाचं नावसुद्धा त्याने मला वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. मग विचारलं, “वेडबिड लागायला लागलंय का रे मला?”

वेड नव्हतं. १९५३ साली शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक वेगळा टप्पा नोंदवला. त्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भरभर फिरतात, मेंदू जवळजवळ जागेपणीइतका कामात असतो आणि ठसठशीत, कथा असलेली स्वप्नं बहुधा तेव्हाच पडतात. साधारण दर दीड तासाने हा टप्पा येतो आणि रात्र सरत जाते तसा लांबत जातो. साखरझोपेत स्वप्नांची गर्दी होते ती त्यामुळे. पहाटेचं स्वप्न खरं होतं की नाही ते सोडा, पण पहाटेचं लक्षात राहतं एवढं आजीचं निरीक्षण पक्कं होतं.

१९६०मध्ये विल्यम डिमेंट यांनी एक काहीसा निर्दय प्रयोग प्रसिद्ध केला. हा टप्पा सुरू झाला रे झाला की झोपलेल्याला उठवायचं, असं सलग काही रात्री. नंतर जेव्हा त्या माणसांना निवांत झोपू दिलं, तेव्हा त्यांच्या झोपेत या टप्प्याचं प्रमाण नेहमीपेक्षा वाढलं. पुढे १९७५-७६च्या सुमारास आयर्विन फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी गांजातल्या टीएचसी या मुख्य द्रव्याचे मोठे डोस देऊन पाहिलं, तर हाच टप्पा आकसला. डोस बंद केल्यावर तो पूर्वीच्याही वर उसळला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आजचा माल त्या काळच्यापेक्षा जास्त कडक आहे आणि माणसागणिक ओढण्याचं प्रमाणही वेगळं. पण सोडल्यावर झोप मोडते आणि स्वप्नं उसळतात, हा अनुभव पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे.

थकबाकी वसूल होते आहे असंच हे दिसतं. तरी ही उपमा एका मर्यादेपलीकडे ताणू नये. वीस वर्षांची न पडलेली स्वप्नं कुठे साठून राहिलेली नसतात. मेंदूत टीएचसी ज्या ग्राहींना चिकटतं, ते रोजच्या माऱ्याने कमी होतात. मारा थांबला की पूर्ववत व्हायला वेळ घेतात. २०१२च्या एका अभ्यासात रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूतले हे ग्राही सुमारे चार आठवड्यांत पुन्हा सर्वसाधारण पातळीला आलेले दिसले. शिवाय टीएचसी चरबीत साठतं, हळूहळू बाहेर पडतं. म्हणून त्रास एका झटक्यात उठत नाही, एक-दोन दिवसांनी चढतो. ॲलन बडनी यांच्या गटाने २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सोडणाऱ्यांवर ४५ दिवस लक्ष ठेवलं होतं. चिडचिड, भूक मरणं, अस्वस्थता हे बहुतेक सारं पहिल्या आठवड्यात टोकाला जाऊन दोनेक आठवड्यांत ओसरलं. विचित्र स्वप्नं मात्र रेंगाळली.

आपल्याकडे हे सोडणाऱ्याला कोणी सांगत नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते गर्दच्या साथीत. त्या व्यसनींच्या तोंडची ‘टर्की’ म्हणजे अंग मोडून येणं, उलट्या, लोळणं. त्या मानाने गांजाचं काहीच होत नाही, असं समजलं जायचं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणातही गांजा सोडल्यावरच्या त्रासाला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली ती २०१३मध्ये. त्या लक्षणांत निद्रानाश आणि त्रासदायक स्वप्नं आहेत. आणि हा काही मूठभरांचा प्रश्न नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले भारतीय सुमारे ३.१ कोटी होते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. चिलीम असो वा कागदात वळलेला जॉइंट, गांजात तंबाखू मिसळण्याची सवय सर्रास. म्हणजे एक सोडताना दुसरंही सुटतं, आणि निकोटिन सुटण्यानेही झोप बिघडते. कोणता त्रास कशाचा हे त्या माणसाला कळायला वावच नाही. त्यात तो झोपेसाठी दारूचे दोन पेग घेऊ लागला, तर रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नं दबतात आणि उत्तरार्धात झोप तुटते. पुन्हा तेच.

सगळ्यात चमत्कारिक स्वप्न म्हणजे पुन्हा ओढल्याचं. सोडलेला माणूस स्वप्नात पुडी उघडतो, वळतो, दम मारतो आणि दचकून उठतो, तो अपराधी होऊनच. काही जण तर ‘आता मोडलंच आहे’ म्हणून सकाळी खरंच ओढतात. स्वप्नातल्या कृत्याची जागेपणी शिक्षा भोगणं हे राजा हरिश्चंद्राला शोभतं, आपल्याला नाही. अशी स्वप्नं दारू आणि गर्द सोडणाऱ्यांनाही पडतात. समुपदेशकाने पहिल्याच भेटीत हे सांगून टाकलं, तर तो अपराधीपणा निम्मा तरी कमी होईल. उठण्याची ठरलेली वेळ, संध्याकाळनंतर चहा बंद, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडणं, हे उपाय साधे आहेत आणि निद्रानाशाच्या मानसोपचारात त्यांना मानाचं स्थान आहे. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मात्र ‘स्वप्नं येणारच, सहन कर’ हा सल्ला सरसकट द्यायला माझं मन घेत नाही. काही माणसं गांजाकडे वळलेली असतात ती स्वप्नं बुजवायलाच. अपघात पाहिलेला, मारहाण सोसलेली, दंगलीतून वाचलेला. कॅनडात टीएचसीसारख्याच नॅबिलोन या कृत्रिम औषधाने आघातग्रस्तांची दुःस्वप्नं कमी होतात का, हे तपासलं गेलं आणि छोट्या अभ्यासांत फायदाही दिसला. म्हणजे या माणसांनी स्वतःवर केलेला उपचार अगदीच आंधळा नव्हता. त्यांच्या बाबतीत गांजा सुटला की जुनं दुःस्वप्नच जागं होतं. त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला हवं. तिथे दिवसाउजेडी, जागेपणी, त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायला लावतात आणि तो बदललेला शेवट रोज थोडा वेळ मनात घोळवायला सांगतात.