साथ आणि सक्ती

साथीचा रोग मनुष्याच्या शरीराची परीक्षा घेतो, तशीच शासनाच्या नीतीची आणि समाजाच्या शेजारधर्माचीहि घेतो. एकाच्या मोकळ्या फिरण्यानें दहांचे प्राण संकटांत येत असतील, तर त्या एकाला अडविण्याचा अधिकार समाजाला आहे, हें मिलसारखा स्वातंत्र्याचा कैवारी तत्त्वज्ञहि नाकारणार नाहीं. वादाचा खरा मुद्दा त्याच्या पुढें सुरू होतो. ज्याला आपण सर्वांच्या हितासाठीं अडवितों, त्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं?

या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याकडे कायद्यानेंच देऊन ठेवलें होतें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता. पहिल्यांत कायद्याचें नांव, दुसऱ्यांत सरकारला अधिकार, तिसऱ्यांत न ऐकणाराला शिक्षा आणि चौथ्यांत सद्बुद्धीनें वागणाऱ्या अंमलदाराला संरक्षण. भरपाईचा शब्द दुसऱ्या कलमांत येतो खरा, पण तोहि ‘दिल्यास’ अशा सावध पुस्तीसह. ज्याचें घर उघडावयाचें, त्याला आधीं सांगावें, त्याच्या पोटाची सोय करावी, त्याचें गाऱ्हाणें ऐकावें, असें बंधन सरकारवर कोठेंहि नाहीं.

याचा प्रत्यय पुण्यास लवकरच आला. रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं गोऱ्या सोजिरांनीं घरोघर झडत्या घेतल्या. स्वयंपाकघर कोणतें, देवघर कोणतें, हा विवेक राहिला नाहीं. माणसें इस्पितळांत आणि छावण्यांत नेलीं, सामान जाळलें. परिणाम असा झाला कीं, लोक रोग्यांना लपवूं लागले. साथ हुडकण्यासाठीं योजलेल्या उपायानेंच साथ दडविली. २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. मार्च १८९८ मध्यें मुंबईच्या मदनपुऱ्यांत एका विणकराच्या घरांतील आजारी मुलीला नेण्यावरून दंगा उसळला. शिवाय ज्या ज्ञानाच्या बळावर ही सक्ती चालली होती, तें तरी पुरें कोठें होतें? प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसास होतो, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं दाखविलें तें १८९८ मध्यें. आणि तें सर्वमान्य होण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. सक्ती करणारानें नम्र असावें, तें याकरितां.

स्वराज्यांत ही रीत बदलावयास हवी होती. १३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांत करोनासाठीं तोच कायदा लागू झाला. २४ मार्चच्या रात्रीं अवघ्या ४ तासांच्या सूचनेनें सगळा देश २१ दिवसांकरितां बंद करण्यांत आला. पगारदार माणसाला ती एक सक्तीची रजा होती. ज्याचें हातावर पोट, त्याच्यापुढें संध्याकाळची चूल कशी पेटेल हा प्रश्न होता. नियम एकच, पण त्याचा भार सारखा नव्हता. लाखो मजूर पायींच गांवाकडे निघाले. जालन्याहून भुसावळकडे चाललेले १६ मजूर ८ मे २०२० च्या पहांटे करमाडजवळ रुळांवरच झोपीं गेले असतां मालगाडीखालीं सांपडून मेले. त्यांना रोगानें मारलें नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, साथ कोणाच्या संमतीसाठीं थांबत नाहीं. हें खरें आहे. परंतु त्वरा आणि बेपर्वाई या दोन भिन्न वस्तु आहेत. ज्या हुकुमानें मजुरी थांबते, त्याच हुकुमांत शिध्याची आणि निवाऱ्याची तरतूद लिहिण्यास कितीसा वेळ लागतो? लोक समजावून ऐकत नाहींत, असेंहि म्हणतात. त्यांनीं त्याच वर्षींची आषाढी आठवावी. हुकूम तेथेंहि होताच. पण आधीं पालख्यांच्या संस्थानांशीं विचारविनिमय झाला होता. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाड्यांतून पंढरीस गेल्या, आणि लाखो वारकरी १ जुलैला घरींच राहिले. ज्यांना विचारलें, त्यांनीं जिवाभावाची पायीं वारी सोडली.

दोष केवळ सरकारचा, असें म्हणून मात्र आपली सुटका नाहीं. मुंबईहून परतणाऱ्या आपल्याच माणसांसाठीं कित्येक गांवांनीं वेशी बंद केल्या. शहरांतील सोसायट्यांनीं मोलकरणींना फाटकाबाहेर ठेवलें. त्यांचा पगार चालू ठेवणारीं घरें किती होतीं, हें ज्याचें त्यानें आठवावें. शासन माणसाकडे केवळ रोगवाहक म्हणून पाहूं लागलें, कीं शेजारीहि तोच धडा गिरवितो.

दुसरा धडाहि याच पुण्याजवळ, त्याच १८९७ सालीं गिरविला गेला होता. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या शहराबाहेरील दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांतच लागण होऊन १० मार्च रोजीं त्यांचें देहावसान झालें. रोग्याला घरापासून दूर तेथेंहि ठेवलेंच होतें. पण जिनें त्याला दूर ठेवलें, तिनें त्याचा भार आपल्या अंगावर घेतला होता. सक्ती न्याय्य केव्हां, याचें माप मला एवढेंच सांपडतें. दुसऱ्याची वाट जो अडवितो, त्यानें त्याच्या भाकरीची आणि सेवेची जबाबदारी उचलली पाहिजे. पुढची साथ येईल तेव्हां त्या जुन्या चार कलमांच्या शेजारीं हें एक पांचवें कलम लिहिलेलें असावें. आणि तें सरकारच्या दप्तराआधीं आपल्या गल्लींत पाळलें जावें.