दोन मायक्रॉनचा वाद

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं २५ एच७. म्हणजे बोअर (जॉबमधलं भोक) २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं. २५.०२० पास, २५.०२३ रिजेक्ट. महिनाअखेर असते, गाडी गेटवर उभी असते आणि प्रॉडक्शनवाला क्यूसीच्या टेबलाशी येऊन म्हणतो, "दोन मायक्रॉननं काय आभाळ कोसळणार आहे, साहेब? चालतंय की!"

त्याचं अगदीच चुकत नाही. गेनिची तागुची या जपानी अभियंत्यानं हेच मांडलं होतं: जॉब नेमक्या मापापासून जसजसा सरकतो तसतसं नुकसान वाढत जातं, मर्यादा ओलांडली की ते एकदम सुरू होतं, असं नाही. पास झालेला २५.०२० आणि नापास २५.०२३ तसे सख्खे भाऊच.

बरं, मापाची तरी खात्री कुठे? लांबी २० अंश सेल्सिअसला मोजायची, असा जगभरचा संकेत आहे. मे महिन्यात भोसरीच्या शेडमध्ये २० अंश आणायचे कुठून? मशीनवरून नुकताच उतरलेला, ३५ अंशांचा पोलादी जॉब बोअर गेजवर २५.००३ दाखवतो. ऑपरेटर खूश. तोच जॉब स्टँडर्ड रूमच्या एसीत निवू द्या, चार मायक्रॉननं आकसतो: २४.९९९. नापास! खोटं कुणीच बोललेलं नसतं. (इथे निदान धातू शिल्लक असतो, रिवर्क होतं. बोअर मोठं झालं की भंगारच.)

मग इन्स्पेक्टरनं अडून का बसायचं? मर्यादा माणसांनीच ठरवलेली आहे आणि ती सैल करण्याची रीतही आहे. रीतसर डेव्हिएशन मागा. त्या बोअरमध्ये बसणाऱ्या शाफ्टचं माप आणि लोड बघून डिझायनर सही करेल किंवा करणार नाही. तो अधिकार त्याचा, टेबलाशी हुज्जत घालणाऱ्या दोघांचा नव्हे. बोअर चाकणला होतं, शाफ्ट कोइमतूरला. एकमेकांचं तोंडही न पाहिलेले दोन कारागीर केवळ त्या आकड्याच्या भरवशावर काम करतात. तोंडी सोडलेले दोन मायक्रॉन कुठल्याच कागदावर येत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात तीच वहिवाट होते.

म्हणून मला गेजपेक्षा कंपनीतल्या हुद्द्यांची जास्त काळजी वाटते. डिस्पॅचचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर, त्याच्याच हातात इन्स्पेक्टरची पगारवाढ असेल, तर स्टँडर्ड रूमचा एसी बंद करून निदान विजेचं बिल तरी वाचवावं.