गुण्याची परीक्षा कोणी घ्यायची?

चार पट्ट्यांची चौकट करायची, तर प्रत्येक पट्टीची दोन्ही टोके ४५ अंशांत कापावी लागतात. एकूण आठ काप. टेबल सॉवरचा, कोन लावायचा मायटर गेज अर्ध्या अंशाने हुकलेला असला, तर एका कापात ते डोळ्यांना कळत नाही. पहिले तीन कोपरे जुळूनही येतात. चौथ्यावर आठही कापांची चूक गोळा होते आणि चार अंशांची फट उघडी पडते. सुतार मग गुण्या, म्हणजे काटकोनाचे माप, लावून गेज तपासतो. पण गुण्या बरोबर आहे, हे कशावरून?

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त प्रमाणवाद्यांना नेमके इथेच अडवले. वस्तू प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, सिद्ध होतात, मग प्रमाणे कशाने? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे, तर त्यांना तिसरी लागणार आणि अनवस्था ओढवणार. ती स्वतःच सिद्ध आहेत म्हणावे, तर ही सवलत फक्त त्यांनाच का? आणि वस्तूंनीच प्रमाणे सिद्ध होतात म्हटले, तर दोघांपैकी आधी सिद्ध कोण?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या पेचाला दिलेले उत्तर बाजारपेठेतले आहे. तराजूने सोने तोलले, तेव्हा तराजू प्रमाण आणि सोने प्रमेय. त्याच पारखलेल्या सोन्याने दुसरा तराजू तपासला, की सोने प्रमाण आणि तराजू प्रमेय. वात्स्यायनाने भाष्यात हे उलगडून सांगितले आहे. माप असणे हा कोणत्याही वस्तूचा जन्मसिद्ध हक्क नाही; ते त्या त्या वेळी तिच्याकडे आलेले काम आहे. आज जे मोजते, ते उद्या मोजून घ्यायला तयार असले पाहिजे.

सुताराच्या ओट्यावर हा विचार प्रत्यक्ष पाहता येतो. सरळ कडेची एक फळी घ्यायची. गुण्याचा दांडा कडेला घट्ट टेकवून पात्यालगत चाकूने रेघ ओढायची. पेन्सिलीने नाही, कारण तिच्या रेघेच्या जाडीत चूक लपते. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर त्या फटीच्या निम्मी चूक गुण्याची. इथे दुसरा, अधिक चांगला गुण्या कुठेच लागला नाही. गुण्याने स्वतःविरुद्ध साक्ष दिली.

मायटर गेजला पाच कापांची कसोटी आहे. गेज काटकोनावर लावून प्लायवूडच्या चौकोनी तुकड्याची एक बाजू कापायची, ती ताजी कड गेजला टेकवून पुढची, अशा चारही. पाचव्या वेळी पहिलीच बाजू पुन्हा कापून एक पट्टी वेगळी काढायची. दर वळणावर चूक साठत जाते आणि या पट्टीत ती चौपट होऊन उतरते. ४०० मिलिमीटर लांब पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीत ०.४ मिलिमीटरचा फरक निघाला, तर गेज तेवढ्या लांबीत ०.१ मिलिमीटरने चुकतो आहे. आणि ही चूक पकडणाऱ्या कॅलिपरला काटकोन ठाऊकही नसतो.

नागार्जुन एवढ्यावर गप्प बसणार नाही. फळीची कड सरळ आहे, हे कोणी ठरवले?

त्यालाही उत्तर आहे. इंग्लंडमधला अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने १८४०मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे सपाट धातूपृष्ठांविषयी निबंध वाचला. त्या पद्धतीत पृष्ठे तीन लागतात. दोन पट्ट्या तंतोतंत जुळूनही दोन्ही वाकड्या असू शकतात, कारण एकीचा फुगवटा दुसरीच्या खळग्यात बसतो. तिसरी आली की हे निभत नाही. उलटसुलट फिरवूनही तिन्ही जोड्या जुळल्या, तर डोळ्याला आणि बोटाला कळेल इतपत तिन्ही सरळ असतात. दोघांचे एकमत म्हणजे सत्य नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसेल.

मीमांसा दर्शन मानणाऱ्यांचा, मीमांसकांचा, मार्ग वेगळा होता. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असते. बाधक ज्ञान किंवा कारणातला दोष समोर आला, तरच ते सोडायचे. कारखान्यात हेही चालते. प्रत्येक कापापूर्वी कोणी गुण्या पालथा करत बसत नाही. सुतार विश्वासाने काम करतो आणि फट दिसली की थांबतो. न्यायसूत्रे मानणारे नैयायिक मात्र म्हणतात, ज्ञान खरे होते हे कृती सफल झाल्यावर कळते. सांधा बसला, की माप सिद्ध.

या वादाची धार धर्मग्रंथापाशी पोचल्यावर कळते. मीमांसकांना वेद अपौरुषेय, म्हणून कर्त्याच्या दोषांपासून मुक्त. न्यायसूत्रे वेदांचे प्रामाण्य मानतात, पण दाखला मंत्राचा आणि आयुर्वेदाचा देतात: तिथे फळ पडताळता येते, त्यावरून सांगणारा विश्वासार्ह ठरतो आणि ज्याचा पडताळा येत नाही त्या भागालाही तोच विश्वास लागू होतो. ग्रंथालाही ओट्यावर आणण्याचे हे धैर्य फार मोलाचे आहे. ग्रंथाची परीक्षा घेणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानणाऱ्यांनी वात्स्यायनाचे हे जुने भाष्य जरूर वाचावे. अडचण उरते ती शेवटच्या पायरीवर. औषधाने ताप उतरला, यावरून स्वर्गाविषयीचे विधान खरे ठरते का? गुण्या काटकोनात खरा उतरला, म्हणून त्याच्या पात्यावरच्या मिलिमीटरच्या खुणा बरोबर ठरत नाहीत. त्या वेगळ्या तपासाव्या लागतात. नैयायिकांनी ही उडी आप्ताच्या, म्हणजे जाणत्या आणि खरे बोलणाऱ्या माणसाच्या भरवशावर घेतली. ती घ्यावी की नाही, हाच श्रद्धेतला खरा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक विधानापाशी नव्याने विचारावा लागतो.