आधी आश्रय, मग निग्रह

दान पात्र पाहून द्यावे, हे सर्वमान्य आहे. म्हणून वर्षानुवर्षे रस्त्यावर निजणाऱ्या व्यसनी मनुष्यास ‘आधी व्यसन सोड, मग घर मिळेल’ असे सांगणे गृहस्थास न्याय्य वाटते. परंतु ज्यास रात्री निर्भय निद्राही नाही, त्याने मनोनिग्रह कोठे बसून साधावा? गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्यासही प्रथम शुद्ध स्थळी स्थिर आसन सांगितले आहे; मनाची एकाग्रता त्यानंतर.

फिनलंडने २००८ पासून हाच क्रम स्वीकारला. बेघरास आधी त्याच्या नावाचा भाडेकरार व दाराची किल्ली. मग त्याच्या इच्छेनुसार उपचार व साहाय्य. तेथील दीर्घकालीन बेघरपणा पुष्कळ घटला. सर्वच व्यसनमुक्त झाले असे नव्हे. पण तेवढ्यावरून त्यांचे घर हिरावले जात नाही. आश्रयाच्या दानात निराश्रितता हीच पात्रता होय.