अर्थ सुटतो तेव्हा

दोष जिथे दिसतो तिथेच तो असतो, अशी आपणां सर्वांची एक सोयीची समजूत असते. वर्गात गलका झाला की गुरुजींची नजर मागच्या बाकाकडे वळते. घरात काही फुटले की धाकट्याच्या नावाने हाक जाते. ही समजूत ताडून पाहायला जुन्या मोटारीच्या वायरिंगसारखे साधन नाही.

आमच्या पिंपरी-चिंचवडला मोटारींचे अप्रूप नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पवनेकाठची माळराने हळूहळू कारखान्यांनी भरली. १९९८ सालची इंडिका इथलीच. पुढे चाकणच्या माळावरही मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. नव्या गाड्या झळकत मोठ्या फाटकांतून बाहेर पडतात. म्हाताऱ्या मात्र भोसरी-काळेवाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन थांबतात. खरे तत्त्वज्ञान, मला वाटते, या शेडमध्येच चालते.

माझ्या जुन्या गाडीने एका पावसाळ्यात विचित्र खोड धरली. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणू लागे. एका कारागिराने स्विच बदलायला सांगितले, दुसऱ्याने सारे वायरिंगच. तिसऱ्याने मागच्या दिव्याची काळी तार हलवून पाहिली आणि म्हणाला, “साहेब, अर्थ मिळत नाही.” मग स्क्रू काढून त्याने काचकागदाने गंज घासला. दहा मिनिटांत खोड गेली.

यातले शास्त्र साधे आहे. वीज बॅटरीकडून तारेने दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत येते. दिवा सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, त्या जोडाला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. तो गंजला की परतीची वाट अडते. वीज मात्र अडून बसत नाही. ब्रेकच्या दिव्यातली वीज शेजारच्या इंडिकेटरच्या तंतूत उलटी शिरते, तिथून पुढच्या इंडिकेटरला जाते आणि त्याच्या अर्थातून घर गाठते. अडथळा तरी केवढा? समोरच्या दोन दिव्यांचा प्रवाह सुमारे दहा अँपिअर. त्यांच्या वाटेत एक दशांश ओहमचा गंज आला, तरी बारातला एक व्होल्ट तो खाऊन टाकतो. मिणमिणणारा इंडिकेटर सर्वस्वी निर्दोष होता. शेजाऱ्याची अडलेली वीज तो आपल्या अंगावरून वाहून नेत होता.

घरोघरी असा एक इंडिकेटर असतो. आईबापांचा अबोला असतो आणि डबा न खाता परत आणते ते पोर. एक फ्यूजही असतो. ताण वाढला की पहिल्यांदा तोच तडकतो. त्याच्या जागी जाड तार घालणारे शहाणे आहेत. फ्यूज मग जळत नाही, वायरिंग जळते. तक्रार करणाऱ्या माणसाला गप्प बसवले की घर शांत झाले, असे मानणाऱ्यांची जातही हीच.

पण मग कोणीच दोषी नाही का? कारणामागे कारण शोधत गेले तर गंजाचा दोष पावसावर जातो, पावसाचा समुद्रावर, आणि जबाबदारी अरबी समुद्रात बुडते. त्या कारागिराने पावसाला बोल लावला नाही, तसा इंडिकेटरलाही लावला नाही. आपला हात जिथे पोचतो त्या स्क्रूपाशी तो थांबला. शिक्षा करायची असेल तर दोषी लागतो. दुरुस्ती करायची असेल तर हात पोचेल असे कारण लागते. दोन्ही शोध सारखे दिसतात, पण त्यांची माणसे वेगळी असतात.

आणखी एक. त्याने मला नवा स्विच विकला असता, तर ते मला कधीच कळले नसते. समोरच्याचे अज्ञान हाताशी असताना ते न वापरणे, याला मी नीती म्हणतो. दहा मिनिटांच्या मजुरीत तिची किंमत बसत नाही.

कारागिरांचा ‘अर्थ’ इंग्रजीतून आला, हे मी जाणतो. तरीही तो शब्द मराठीतच अधिक शोभतो असे मला वाटते. या दिवाळीला घरच्या मंडळींत कोणी उगाच मिणमिणत असेल, तर त्याला बोल लावण्याआधी आपण जरा मागे हात घालून पाहावे. कुठेतरी अर्थ सुटला असेल.